द्वारका चौक, जीपीएस आणि गाडीचे ॲव्हरेज

गाडीचे ॲव्हरेज इंजिनावर, टायरमधल्या हवेवर आणि चालकाच्या पायावर ठरते, हे बहुतेकांना माहीत असते. गाडी कोणत्या रस्त्याने आणि किती वाजता निघाली, यावरही ते तेवढेच ठरते. याकडे मात्र लक्ष कमी जाते. एकच गाडी, तोच चालक आणि तेच दोन टोकांचे अंतर असूनही एका दिवशी लिटरमागे अठरा किलोमीटर पडतात आणि दुसऱ्या दिवशी बारा. हा फरक बहुतेक वेळा वाटेतल्या थांब्यांचा असतो. जीपीएसवर चालणारे मार्गदर्शक उपकरण इंधन वाचवू शकते ते याच ठिकाणी. इंजिन सुधारणे त्याच्या हातात नसते, पण पुढे काय आहे ते चालकाला आधी सांगणे असते. इंधनाची बचत या आगाऊ माहितीतून होते, आणि ती माहिती वापरली तरच होते.

हे समजून घ्यायला नाशिकचा द्वारका चौक हे चांगले उदाहरण आहे. मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता इथे एकत्र येतात. एका बाजूला वडाळा नाका आणि मुंबई नाका, दुसऱ्या बाजूला गोदावरीवरचा कन्नमवार पूल आणि पंचवटी, तिसऱ्या बाजूला काठे गल्ली, उपनगर, बिटको चौक असे करत नाशिकरोडला जाणारा पुणे रस्ता, तर चौथ्या बाजूला सारडा सर्कल आणि जुने नाशिक. डोक्यावरून महामार्गाचा उड्डाणपूल जातो आणि खाली सर्व्हिस रोडवरची वाहतूक चालते. मुंबईहून धुळ्याकडे निघालेला ट्रक, लासलगावचा कांदा पुण्याला नेणारा टेम्पो, नाशिकरोड स्थानकातून पंचवटीला जाणारी रिक्षा आणि मुलांना शाळेत सोडायला निघालेली दुचाकी या सगळ्यांची इथे गाठ पडते.

इंधन कुठे जाते

चालत्या गाडीचे इंधन मुख्यतः चार गोष्टींवर खर्च होते: टायर आणि रस्ता यांचे घर्षण, हवेचा रोध, चढ आणि वेग वाढवणे. उभ्या गाडीचे इंजिन चालू असले तर आणखी एक खर्च वाढतो, आणि त्या खर्चातून गाडी एक मीटरही पुढे जात नाही.

शहरात सर्वांत महाग पडते ते थांबून पुन्हा वेग घेणे. एक टन वजनाची कार शून्यापासून ताशी ५० किलोमीटर वेगापर्यंत नेली की तिच्यात सुमारे ९६ किलोज्यूल गतिज ऊर्जा साठते. पेट्रोल इंजिन इंधनातील ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच चाकांपर्यंत पोचवते असे धरले, तर एवढ्या एका उचलीला सुमारे १२ मिलिलिटर पेट्रोल लागते. पुढच्या सिग्नलला ब्रेक दाबला की ही सारी ऊर्जा ब्रेकच्या उष्णतेत जाते आणि तेवढेच पेट्रोल पुन्हा जाळावे लागते. डिझेल इंजिन जास्त कार्यक्षम असते हे धरूनही, सोळा टनांच्या भरलेल्या ट्रकसाठी हाच हिशेब एका उचलीला सुमारे १२० मिलिलिटर डिझेलवर जातो. द्वारकेवर गर्दीच्या वेळी चार-पाच वेळा थांबून निघणाऱ्या ट्रकने तो एक चौक ओलांडायला अर्धा लिटर डिझेल घालवणे अशक्य नाही.

इंजिन चालू ठेवून थांबणे हा दुसरा मोठा खर्च. मध्यम आकाराच्या कारचे इंजिन उभ्या उभ्या तासाला साधारण पाऊण ते एक लिटर इंधन घेते, एसी चालू असल्यास आणखी जास्त. म्हणजे दर मिनिटाला बारा-पंधरा मिलिलिटर. जळालेल्या प्रत्येक लिटर पेट्रोलमागे सुमारे २.३ किलो आणि डिझेलमागे सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्याचा पहिला त्रास होतो तो त्या चौकात दिवसभर उभ्या असणाऱ्या वाहतूक पोलिसाला आणि हातगाडीवाल्याला.

उपग्रहाला काय कळते, नकाशाला काय कळते

जीपीएस ही अमेरिकेची उपग्रह व्यवस्था. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून तिचे तीस-एक उपग्रह दिवसाला दोन प्रदक्षिणा घालतात. प्रत्येक उपग्रह आपली जागा आणि अचूक वेळ सतत प्रक्षेपित करतो. तो संदेश पोचायला किती वेळ लागला यावरून गाडीतील किंवा फोनमधील ग्राहक उपग्रहाचे अंतर काढतो, आणि किमान चार उपग्रहांच्या अंतरांवरून स्वतःची जागा ठरवतो. वेळेत एका सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली तर अंतरात ३०० मीटरची चूक होते, म्हणूनच उपग्रहांवर अणुघड्याळे असतात. मे २०००पर्यंत अमेरिका नागरी वापरासाठी हे संकेत मुद्दाम कमी अचूक ठेवत असे. तो निर्बंध उठल्यानंतरच गाडीतले मार्गदर्शन भरवशाचे झाले. भारताने स्वतःची ‘नाविक’ व्यवस्था उभारली. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी आणि सातवा २८ एप्रिल २०१६ रोजी अवकाशात गेला. आजचे बरेच फोन जीपीएसबरोबर इतर देशांच्या उपग्रहांचेही संकेत घेतात.

उपग्रहाला रस्ता माहीत नसतो आणि गर्दीही दिसत नाही. तो फक्त गाडीची जागा कळायला मदत करतो. रस्ता कळतो तो नकाशामुळे आणि गर्दी कळते ती त्याच रस्त्यावरच्या इतर फोनमुळे. असंख्य फोन आपली जागा आणि वेग नकाशा-सेवेला पाठवत असतात. पुणे रस्त्यावर बोधलेनगरजवळचे फोन एकदम मंदावले की नकाशावरची तेवढी पट्टी लाल होते. जुन्या दिवसांची नोंदही साठवलेली असते, त्यामुळे सोमवारी सकाळी दहाला तिथे काय होते याचा अंदाज आदल्या रात्रीही मिळतो. इंधन वाचवण्याच्या कामी मुख्यतः ही वाहतुकीची माहिती येते. फक्त डावी-उजवी वळणे सांगणारा जुना जीपीएस चुकामूक टाळत असे. आजचा गर्दीही टाळू शकतो.

जवळचा, लवकरचा आणि कमी इंधनाचा

दोन ठिकाणांमधला सर्वांत कमी अंतराचा रस्ता, सर्वांत कमी वेळेचा रस्ता आणि सर्वांत कमी इंधनाचा रस्ता हे तीन वेगळे असू शकतात. स्वीडनमधील लुंड शहरात गाड्यांच्या प्रत्यक्ष फेऱ्या नोंदवून केलेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यातील ४६ टक्के फेऱ्यांत चालकांनी निवडलेला रस्ता सर्वांत कमी इंधनाचा नव्हता. योग्य रस्ता घेतला असता तर त्या फेऱ्यांत सरासरी ८.२ टक्के इंधन वाचले असते. हे सगळे चालक स्वतःच्याच शहरात, ओळखीच्या रस्त्यांवर गाडी चालवत होते.

उपकरण बनवणाऱ्यांनी ही गोष्ट लवकर ओळखली. गार्मिन कंपनीने २००९ साली आपल्या गाडीतील उपकरणांत ‘इकोरूट’ ही सोय आणली. त्यात कमी इंधनाचा मार्ग निवडता येई, फेरीचा इंधन-अहवाल मिळे आणि चालवण्याच्या पद्धतीला गुणही मिळत. गुगल मॅप्सने कमी इंधनाचा मार्ग दाखवण्याची सोय ऑक्टोबर २०२१मध्ये अमेरिकेत सुरू केली आणि पुढे ती भारतातही दुचाकी व चारचाकींसाठी जाहीर केली. अशा मार्गाशेजारी हिरव्या पानाची खूण दिसते. सेटिंगमध्ये गाडीचे इंजिन पेट्रोल, डिझेल, हायब्रिड की विजेवरचे हे नोंदवावे लागते, कारण उत्तर त्यानुसार बदलते. डिझेल गाडीला महामार्गाचा स्थिर वेग मानवतो. विजेवरची किंवा हायब्रिड गाडी ब्रेक दाबताना काही ऊर्जा परत मिळवते, म्हणून थांब्यांचा तिला तेवढा जाच होत नाही.

हिशेब कसा पालटतो ते एका कल्पित उदाहरणातून पाहता येईल. एका कारला मोकळ्या रस्त्यावर लिटरमागे १८ किलोमीटर पडतात. पहिला रस्ता ८ किलोमीटरचा, त्यावर सहा थांबे आणि एकूण दहा मिनिटे उभे राहणे. दुसरा रस्ता १० किलोमीटरचा, त्यावर दोन थांबे आणि दोन मिनिटे उभे राहणे. पहिल्या रस्त्यावर अंतरासाठी ४४४, उचलींसाठी ७२ आणि उभे राहण्यासाठी १३० असे ६४६ मिलिलिटर लागतात. दुसऱ्यावर अंतरासाठी ५५६, उचलींसाठी २४ आणि उभे राहण्यासाठी २६ मिळून ६०६ मिलिलिटर. दोन किलोमीटर जास्त जाऊनही पेट्रोल कमी लागते. मात्र पहिल्या रस्त्यावरची गर्दी निम्मी झाली की हा फायदा उलटतो. म्हणून ‘अमुक रस्ता नेहमीच परवडतो’ असे कायमचे उत्तर नसते. उत्तर त्या वेळचे असते, आणि ते मिळवायला त्या वेळचा नकाशा लागतो.

द्वारका टाळणारे रस्ते

पुणे-नाशिक-धुळे हा रस्ता आज राष्ट्रीय महामार्ग ६० या एकाच क्रमांकाने ओळखला जातो. पूर्वी नाशिक-पुणे हा महामार्ग ५० आणि मुंबई-आग्रा हा महामार्ग ३ होता. क्रमांक एक झाला तरी महामार्ग न सोडता पुण्याहून धुळ्याकडे जाणाऱ्याला द्वारकेवर उजवे वळण घ्यावे लागते. भारतात डाव्या बाजूने वाहने चालतात, त्यामुळे उजवे वळण म्हणजे समोरून येणारी रांग थांबेपर्यंत थांबणे. डावे वळण त्यामानाने सुटसुटीत असते. अमेरिकेत, जिथे वाहने उजवीकडून चालतात, यूपीएस ही पार्सल कंपनी याच कारणाने आपल्या गाड्यांचे मार्ग आखताना डावी वळणे शक्य तितकी टाळते. मार्ग आखणाऱ्या तिच्या ‘ओरायन’ संगणक प्रणालीमुळे वर्षाला सुमारे १६ कोटी किलोमीटर फेरे आणि पावणेचार कोटी लिटरच्या आसपास इंधन वाचते, असे ती कंपनी सांगते.

द्वारकेवरचे उजवे वळण टाळण्याचा मार्ग नाशिककरांच्या ओळखीचा आहे. नाशिकरोडहून जेल रोडने नांदूर नाक्याला जायचे आणि तिथून लिंक रोडने हॉटेल जत्राजवळ आग्रा महामार्गाला लागायचे. ओझर, पिंपळगाव बसवंत किंवा मालेगावकडे निघालेल्याला यात शहराचा मध्य लागत नाही. सिन्नरहून मुंबईला जाणाऱ्या गाडीने नाशिकमध्ये येण्याचीच गरज नसते. सिन्नर-घोटी रस्ता तिला सरळ मुंबई महामार्गावर नेतो. पण जेल रोडही मोकळा असतोच असे नाही, आणि नांदूर नाक्यावरही रांगा लागतात. बिटको चौकात पोचण्याआधी, म्हणजे दोन्ही रस्ते अजून हातात असताना, नकाशाकडे एकदा पाहिले तर निवड करता येते. काठे गल्लीच्या सिग्नलला लाल पट्टी दिसून उपयोग नसतो, कारण तोपर्यंत मागेही रांग लागलेली असते.

मार्ग शोधण्याआधी ठिकाणाचे नाव नीट टाकणे आवश्यक आहे. नुसते ‘द्वारका’ लिहिले तर गुजरातमधील तीर्थक्षेत्र किंवा दिल्लीचे उपनगरही समोर येऊ शकते. ‘द्वारका सर्कल, नाशिक’ असे पूर्ण लिहून मार्गाचे एकूण अंतर एकदा वाचून घेतले की ही चूक टळते.

वरून की खालून

द्वारकेवर जीपीएसची एक मूळ मर्यादाही उघडी पडते. मोकळ्या आकाशाखाली फोनची जागा साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर येते. उड्डाणपूल आणि त्याखालचा सर्व्हिस रोड नकाशावर जवळजवळ एकमेकांवरच येतात, आणि उंचीच्या मोजमापात जीपीएसची चूक आडव्या मोजमापापेक्षा जास्त असते. त्यामुळे गाडी पुलावर आहे की पुलाखाली, हे उपकरणाला नेहमीच ओळखता येत नाही. पुलाखाली आकाश झाकलेले असते आणि संकेत खांबांवरून, इमारतींवरून आपटून येतात. त्यानेही जागा सरकते.

या गोंधळाची किंमत इंधनात मोजावी लागते. मुंबईकडून येऊन पुणे रस्त्याला लागायचे असेल तर द्वारकेवर खाली असायला हवे. चुकून पूल धरला तर तो गाडीला चौकावरून पुढे नेतो. मग पुढचा उतार गाठा, वळा, आणि त्याच गर्दीत उलट्या बाजूने परत या. उलट, धुळ्याला सरळ जायचे असूनही खालचा रस्ता धरला तर वडाळा नाक्यापासून प्रत्येक चौक नशिबी येतो, जो वरून गेल्यास एका दमात ओलांडता आला असता. सरळ जाणाऱ्याने पूल धरणे आणि वळणाऱ्याने वेळीच खाली उतरणे, एवढा नियम पाळला तरी बरेच इंधन वाचते.

ही अडचण सगळ्याच शहरांत होती. गुगल मॅप्सने जुलै २०२४मध्ये भारतातील ४० शहरांसाठी पुढचा उड्डाणपूल घ्यायचा की नाही ते ठळकपणे सांगणारी सूचना जाहीर केली. तरीही सूचना उशिरा आली किंवा संदिग्ध वाटली तर रस्त्यावरचा फलक प्रमाण मानावा. मार्ग निवडताना पडदा मोठा करून, पूल कुठे चढायचा आणि कुठे उतरायचा हे घरूनच पाहून ठेवलेले बरे. जुलै २०२२मध्ये रस्त्यांची छायाचित्रे दाखवणारी ‘स्ट्रीट व्ह्यू’ सेवा देशातील ज्या पहिल्या दहा शहरांत सुरू झाली, त्यांत नाशिक होते. अनोळखी चालकाला पुलाचा चढ-उतार आधी पाहून ठेवायला ती उपयोगी पडते.

निघण्याची वेळ आणि कामांचा क्रम

रस्ता बदलण्यापेक्षाही निघण्याची वेळ बदलणे अनेकदा फायद्याचे ठरते. नकाशा-सेवेत निघण्याची किंवा पोचण्याची वेळ टाकून अंदाज विचारता येतो. सकाळी साडेनऊऐवजी साडेआठला निघाल्यास त्याच रस्त्याला किती मिनिटे कमी लागतील हे त्यातून दिसते. तीच मिनिटे उभ्या इंजिनाची असतात. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यांत पाळीने जाणाऱ्यांना वेळ बदलता येत नाही, पण बँकेचे काम, बाजार किंवा नातेवाइकांकडची भेट यांची वेळ बहुधा आपल्या हातात असते.

एका फेरीत अनेक कामे असतील तर सगळी ठिकाणे एकदम टाकून क्रम लावावा. पंचवटी, शालिमार आणि नाशिकरोड ही तीन कामे तीन वेगळ्या फेऱ्यांत केली तर द्वारका सहा वेळा ओलांडावी लागू शकते. क्रम लावून केली तर एक-दोनदा. शिवाय थंड इंजिनाला सुरुवातीच्या काही किलोमीटरमध्ये जास्त इंधन लागते. कामे जोडून केली की इंजिन गरम राहते आणि तोही खर्च वाचतो. डिलिव्हरी करणाऱ्यांसाठी आणि दूध-भाजीच्या गाड्यांसाठी हा मुद्दा रोजच्या कमाईचा आहे.

पुढचे वळण आधी कळले की

ओळखीच्या रस्त्यावरचा चांगला चालक ब्रेक कमी वापरतो, कारण पुढे काय आहे ते त्याला ठाऊक असते. जीपीएस ही ओळख अनोळखी रस्त्यावरही काही प्रमाणात देतो. ‘४०० मीटरवर डावीकडे वळा’ असे कानावर पडताच ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की गाडी गिअरमध्येच आपोआप मंदावते. आजच्या फ्युएल इंजेक्शन इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना आणि ॲक्सिलरेटर सोडलेला असताना, इंजिनाचे फेरे फार कमी होईपर्यंत इंधनाचा पुरवठा जवळजवळ बंद होतो. वळणापर्यंतचे ते शे-दोनशे मीटर गाडी इंधनाविना जाते. वळण जवळ आल्यावर दचकून ब्रेक दाबणाऱ्याची तीच ऊर्जा उष्णतेत जाते.

याच कारणाने उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची जुनी सवय आता निरर्थक ठरली आहे. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला इंधन लागते. गिअरमध्ये ते लागत नाही. शिवाय न्यूट्रलमध्ये इंजिनाचा रोध जातो आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. मोहदरी किंवा कसारा घाटात ही सवय जिवावर बेतू शकते.

आगाऊ माहितीचा हा उपयोग यंत्रालाही शिकवता येतो. स्वीडनच्या स्कॅनिया कंपनीने २०११च्या सुमारास ट्रकसाठी अशी क्रूझ कंट्रोल व्यवस्था आणली, जी जीपीएस आणि चढ-उतारांच्या नकाशावरून पुढचा चढ ओळखते. चढाआधी ती वेग थोडा वाढवते आणि माथा येण्याआधी जोर कमी करते, म्हणजे उतारावर ब्रेक लावावा लागत नाही.

वेगाची खरी नोंद

गाडीचा स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवील अशाच रीतीने बनवलेला असतो. जीपीएसचा वेग मोकळ्या, सरळ रस्त्यावर जास्त खरा असतो. दोन्ही आकडे एकदा ताडून पाहिले की आपल्या गाडीचा स्पीडोमीटर किती पुढे आहे ते कळते.

वेगाला महत्त्व आहे ते हवेच्या रोधामुळे. हा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० किलोमीटरच्या तुलनेत १२०ला तो सव्वादोन पट होतो. देशात इंधन बचतीचे काम करणारी पीसीआरए ही संस्था ४५ ते ५५ किलोमीटर हा किफायतशीर वेग सांगत आली आहे. महामार्गावर एवढा कमी वेग प्रत्येक वेळी व्यवहार्य नसला, तरी ८०-९०च्या पुढचा प्रत्येक टप्पा महाग पडतो हे लक्षात ठेवावे. नकाशावर दिसणारी पोचण्याची वेळ इथे उपयोगी पडते. वेग वाढवूनही ती वेळ जेमतेम काही मिनिटांनी अलीकडे येते, हे समोर दिसले की घाई करण्याचे कारण उरत नाही.

घाट आणि समृद्धी

नाशिकहून मुंबईला जाणाऱ्याच्या वाटेत कसारा घाट येतो. कसारा ते इगतपुरी सुमारे ३०० मीटरची चढण आहे. एक टनाच्या कारला ही उंची चढायला केवळ उंचीपोटी सुमारे ३७० मिलिलिटर पेट्रोल लागते, आणि सोळा टनांच्या ट्रकला साडेतीन लिटरहून अधिक डिझेल. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्यातील सुमारे आठ किलोमीटरचा जुळा बोगदा जुन्या घाटाला पर्याय देतो. कोकणातून पठारावर यायचे तर उंची दोन्ही रस्त्यांनी चढावीच लागते, तेवढे इंधन कोणीच वाचवू शकत नाही. वाचते ते घाटातले वळणावळणाला दाबलेले ब्रेक आणि अवजड ट्रकमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये केलेली चढण. त्या बदल्यात टोल भरावा लागतो, आणि मोकळ्या रस्त्यावर वेग १२०वर नेला तर वाचलेले इंधन हवेच्या रोधात जाते. टोल, इंधन आणि वेळ या तिन्हींची बेरीज करूनच निवड करावी.

बोगद्यात उपग्रहाचे संकेत पोचत नाहीत आणि घाटात मोबाइलचे नेटवर्क तुटते. म्हणून निघण्याआधी त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवावा. जागा दाखवण्याचे काम इंटरनेटविना चालते. थांबते ती फक्त गर्दीची ताजी माहिती.

ट्रक, बस आणि मालक

एका कारमागे वाचणारे इंधन थोडे असते. वाहनांच्या ताफ्यात तेच मोठे होते. आडगावच्या ट्रक टर्मिनलवरून सुटणाऱ्या गाडीत बसवलेला ट्रॅकर मालकाला गाडी कुठे आहे एवढेच सांगून थांबत नाही. इंजिन चालू ठेवून ती किती वेळ उभी होती, ठरलेला रस्ता सोडून किती फिरली आणि वेग कुठे ओलांडला, हेही तो नोंदवतो. परतीचा माल वेळेत मिळाला तर रिकामी फेरी टळते, आणि इंधनाची यापेक्षा मोठी बचत नाही. सार्वजनिक प्रवासी वाहनांना जागा कळवणारे उपकरण आणि आपत्कालीन बटण बसवण्याचा नियम केंद्र सरकारने केला तो मुख्यतः प्रवाशांच्या सुरक्षेसाठी, पण त्याच नोंदी इंधनाच्या हिशेबालाही उपयोगी पडतात. नाशिकची ‘सिटीलिंक’ बससेवा जुलै २०२१मध्ये सुरू झाली. तिची बस कुठे आहे ते प्रवाशाला फोनवर पाहता येते. बस येते आहे याची खात्री असेल तर माणूस दुचाकी घरी ठेवतो, आणि त्या फेरीचे पेट्रोल पूर्णच वाचते.

मालवाहू गाड्यांनी सावध राहावे अशी एक गोष्ट आहे. सामान्य नकाशा-सेवा मार्ग आखते तो कारचा किंवा दुचाकीचा. कोणत्या रस्त्यावर अवजड वाहनांना बंदी आहे, कोणत्या पुलाखाली उंची कमी आहे, जुन्या नाशिकची कोणती गल्ली टेम्पोला अरुंद पडते, हे तिला नेहमी माहीत नसते. तसेच दुचाकीने कारचा मार्ग आणि कारने दुचाकीचा मार्ग लावू नये. अंदाज दोन्हीकडून चुकतो.

कुठे थांबावे

नकाशाचे ऐकण्यालाही मर्यादा आहेत. दोन मिनिटे वाचवण्यासाठी तो कधी वस्तीतल्या, गतिरोधकांनी भरलेल्या रस्त्याने नेतो. अशा रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये चालून इंधन वाचत नाही आणि तिथे राहणाऱ्यांना त्रास होतो तो वेगळा. फरक पाच मिनिटांहून कमी असेल तर मोठा रस्ताच धरावा. पावसाळ्यात गोदावरीला पूर आला की काठचे रस्ते आणि छोटे पूल पाण्याखाली जातात, आणि नकाशाला ते लगेच कळतेच असे नाही. सिंहस्थात शहरातले अनेक रस्ते एकेरी किंवा बंद होतात. २०१५मध्ये नाशिककरांनी ते अनुभवले आणि २०२७च्या सिंहस्थातही तेच होणार. त्या काळात पोलिसांनी लावलेले फलक आणि आखून दिलेले वाहनतळच खरे मानावेत.

मोटार वाहन नियमांत २०२०मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार गाडी चालवताना हातातले उपकरण फक्त मार्ग पाहण्यासाठी वापरता येते, तेही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. म्हणून ठिकाण गाडी उभी असतानाच टाकावे, फोन डॅशबोर्डवर पक्का बसवावा, आवाज चालू ठेवावा आणि पडद्याकडे पाहणे कमीत कमी ठेवावे. दुचाकीवर हातात फोन धरून रस्ता शोधणे कोणत्याही बचतीसाठी योग्य नाही.

बचत मोजायची कशी

जीपीएसने खरोखर किती इंधन वाचते ते प्रत्येकाच्या रस्त्यावर अवलंबून आहे आणि ते ज्याने त्याने मोजलेले चांगले. एकाच पंपावर, नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी आणि ट्रिपमीटर शून्यावर आणावा. महिनाभर नेहमीच्या सवयीने गाडी चालवून पुन्हा तशीच टाकी भरावी. झालेल्या किलोमीटरना भरलेल्या लिटरने भागले की ॲव्हरेज मिळते. पुढचा महिना निघण्याआधी नकाशा पाहून, वेळ आणि रस्ता निवडून गाडी चालवावी आणि तीच मोजणी करावी. लांबचा रस्ता धरला असेल तर लिटरमागचे किलोमीटर वाढलेले दिसतात, पण एकूण लिटर कमी झालेलेच नसतात, असेही होऊ शकते. म्हणून लिटरमागे किती किलोमीटर पडले यापेक्षा महिन्यात तीच कामे करायला एकूण किती लिटर लागले हा आकडा महत्त्वाचा. या मोजणीत टायरमधली हवा दोन्ही महिने सारखी ठेवावी आणि एसीचा वापरही शक्यतो सारखा असावा.

अशी मोजणी दोन-तीन महिने केली की आपल्या रोजच्या वाटेवरचे महाग ठिकाण कोणते हे चालकाला नेमके कळते. नाशिकरोड ते पंचवटी रोज जाणाऱ्यासाठी ते बहुधा द्वारका असेल; मग कोणत्या वेळी ती ओलांडायची आणि कोणत्या वेळी जेल रोडने वळायचे, हे त्याला स्वतःच्या आकड्यांवरून ठरवता येईल.